रादिवोयच्या खोलीतला दिवा

अंत्यविधीच्या दिवशी माणसं जेवून उठत होती, तेव्हा अंजेलियाबाई स्वयंपाकघराच्या दारात थांबल्या आणि वर बघत राहिल्या. बाईंनी गावच्या शाळेत पदार्थविज्ञान शिकवलेलं. निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली, तरी समोरच्या वस्तूची तोंडी परीक्षा घेतल्यासारखं बघायची सवय काही गेली नव्हती.

"नेवेना, हा तुमचा दिवा मध्येच मान टाकतोय," त्या म्हणाल्या. "आज राहू दे. पण या आठवड्यात कुणाला तरी बोलावून दाखव."

नेवेना "हो बाई" म्हणाली आणि बशा उचलायला गेली. त्या दिवशी घराला आग लागली आहे असं कुणी सांगितलं असतं, तरी ती "हो" म्हणून बशाच उचलत राहिली असती. सासरे, रादिवोय, गेले होते. नवरा, उरोश, मालवाहू बोटीवर नोकरीला. मातीला जेमतेम पोचला आणि दोन रात्री काढून परत बोटीवर गेला. घरात उरल्या सासूबाई विदोसावा, तीन वर्षांची कालिना आणि ती स्वतः. रात्रभर अंगाखाली दबलेला हात सकाळी जसा आपला वाटत नाही, तशी ती आख्खीच झाली होती. रडू येत नव्हतं, भूक लागत नव्हती. फक्त कालिना कुठे आहे हे दर थोड्या वेळानं बघायची, आणि ते बघणं मात्र थांबत नव्हतं.

पुढच्या शनिवारपर्यंत तो दिवा मान टाकतोय असं म्हणणारं गावात कुणी उरलं नाही. कारण तोवर गावाला कळलं होतं की तो नुसता दिवा नाही. तो रादिवोय आहे.

डॅन्यूबच्या बांधाखालचं ते गाव. हिवाळ्यात धुकं असं बसतं की दुपारच्या जेवणालाही दिवा लावावा लागतो. माणूस गेला की चाळीस दिवस तो घराच्या आसपास असतो, असं तिथं सगळेच धरून चालतात. शनिवारी कबरीवर जायचं, मेणबत्ती लावायची, राकियाचे, तिथल्या घरगुती दारूचे, चार थेंब मातीवर सांडायचे आणि घरी आल्यावर आधी हात धुवायचे, म्हणजे मरण उंबऱ्याच्या आत येत नाही. एरवी हे हात धुणं अंगणातल्या नळावर होई. पण थंडीनं फुटू नये म्हणून नळाला गोणपाट गुंडाळलेलं, त्यामुळे माणसं रांगेनं न्हाणीघरात जात. आणि तिथं, न्हाणीघराच्या दाराशी, गावरिलोकाका उभे असत.

हे गावरिलोकाका शेजारणीनं, मिलुनकानं, आणले होते. त्यांना मेलेल्यांशी बोलता येतं, असं तिनं नदीपलीकडून ऐकलं होतं. माणूस साठीचा, दाढी विंचरलेली, आवाज लोण्यासारखा. पहिल्यांदा आले तेव्हा ते काही बोलले नाहीत. घरभर फिरले, दिव्याकडे बघितलं, हात धुतले, पुन्हा दिव्याकडे बघितलं, आणि डोळे मिटून म्हणाले, "मालक घरातच आहेत." विदोसावानं तिथल्या तिथे खुर्चीत बसून घेतलं.

तेव्हापासून दर शनिवारी गर्दी वाढत गेली. पहिल्यांदा नात्यातली माणसं आली, मग गल्लीतली, मग ज्यांनी रादिवोयकडून कधी एक मासाही विकत घेतला नव्हता तीही. न्हाणीघराचा नळ सारखा वाहत असे. पाणी गरमच हवं, अशी काकांची सक्त ताकीद.

"थंड पाण्यात डॅन्यूब असते," ते समजावत. "डॅन्यूबनं त्याला आयुष्यभर ओढलं, आता पुन्हा ओढील. गरम पाण्यानं वाट मोकळी होते. आत्मा म्हणजे शेवटी वीजच. शास्त्रज्ञांनाही हे ठाऊक आहे, पण बिचाऱ्यांना बोलायची चोरी."

सगळ्यांचे हात धुवून झाले की माणसं स्वयंपाकघरात दाटीवाटीनं उभी राहत आणि काका हाका मारायला लागत. रादिवोय ये, बायको वाट बघतेय ये, नातीसाठी तरी ये. एका वाक्यात तीनदा 'ये'. त्यामुळे काहीही घडलं तरी ते कुठल्या ना कुठल्या 'ये' वरच घडायचं. आणि घडायचं. स्वयंपाकघरातला दिवा पिवळा, मग तांबूस होत जायचा. बायका छातीवर क्रॉसची खूण करायच्या. मग काका मागच्या खोलीकडे बोट दाखवायचे, रादिवोयच्या खोलीकडे, आणि सगळी गर्दी माना वळवायची. तिथला दिवा मंद होत नसे. उलट तो जास्तच पेटे, पांढराशुभ्र, डोळ्यांना खुपण्याइतका.

"इथनं निघाले, तिकडं पोचले," काका हळूच म्हणत.

आणि तेवढ्यात तो वास यायचा. नदीचा, मासळीचा. भर हिवाळ्यात, घरात एकही मासा नसताना. रादिवोय जन्मभर कोळी. त्याच्या कोटाला, जाळ्यांना, हातांना तोच वास. विदोसावा पदरासारखा रुमाल तोंडाला लावून बसायची आणि डोळे मिटून तो वास आत ओढायची. गर्दीतले दोन-तीन गडी, जे एरवी चर्चच्या बाहेर उभं राहून सिगारेट ओढतात, तेही टोपी काढायचे.

नेवेना दाराच्या चौकटीला टेकून हे बघायची. गावात कॉलेज करून आलेली ती एकच सून. हसू यावं, निदान राग यावा, असं तिलाही वाटत होतं. पण काहीच येत नव्हतं. खरंच बाबा आले असतील तर आपल्याला काहीतरी वाटायला हवं होतं, एवढाच एक विचार तिच्या मनात यायचा, आणि तोही दुसऱ्या कुणाचा असल्यासारखा. रादिवोयचा आणि तिचा जीव होता. लग्न होऊन ती या घरात आली तेव्हा तिला पहिला प्रश्न त्यानंच विचारला होता, चहा कसा घेतेस म्हणून.

चाळीसावा जवळ आला तसं काकांनी मालकांचं म्हणणं सांगितलं. त्या दिवशी त्यांना निरोप द्यायचा. घर तापलेलं हवं. आत्मा गारठ्यात निघत नाही. म्हणून विजेचा स्टोव्ह, हीटर, गीझर, सगळं एकदम चालू. आणि रक्ताचं सगळ्यात लहान माणूस, म्हणजे कालिना, आजोबांच्या खोलीत एकटी, दार लावून. दिवा भरपूर पेटला की आजोबा तिच्या डोक्यावर हात ठेवून जातील. तोवर दार उघडायचं नाही, पोर रडली तरी. आणि हो, त्यांची होडी त्यांनी काकांकडे सोपवायला सांगितली आहे, सेवेसाठी. काकांना होडी वल्हवता येत नव्हती, पण आत्म्याच्या इच्छेपुढे काय बोलणार.

नेवेनानं तेव्हा पहिल्यांदा तोंड उघडलं. दिवा एकदा वायरमनला दाखवू या, ती म्हणाली, अंजेलियाबाई म्हणत होत्या.

"चाळीस दिवस होईस्तोवर विजेच्या पेटीला हात लावायचा नाही," काका म्हणाले. "वायरमन येईल, तार कापील, वाट बंद होईल. मग मालक आत अडकले तर कुणाच्या गळ्यात पडतील, सूनबाई? तुमच्या?"

गर्दीनं नेवेनाकडे बघितलं. विदोसावानं बघितलंसुद्धा नाही, नुसतं म्हणाली, "तो होता तेव्हा हे असं कधी झालं नव्हतं. एकदासुद्धा नाही. आता होतंय. मग हे कोण करतंय?"

रात्री उरोशचा फोन आला तेव्हा नेवेनानं त्याला सांगून पाहिलं. तो म्हणाला, आईचं समाधान होतंय ना, मग होऊ दे. चार दिवसांचा प्रश्न आहे. पोर पाच मिनिटं खोलीत बसली म्हणून काय बिघडतं. आणि तसंही कालिना झोपते त्याच खोलीत. लाकडाची शेगडी तिथंच, म्हणून ती सगळ्यात उबदार. तिचा पलंग लाकडी फळ्यांच्या भिंतीला लावलेला, आणि भिंतीच्या पलीकडे, बोळात, फ्यूजची जुनी पेटी.

चाळीसाव्याच्या आदल्या दिवशी सकाळी विदोसावा प्रसादाचे गहू निवडायला मिलुनकाकडे गेली होती. नेवेना भांडी पुसत होती. न्हाणीघरातून नळाचा आवाज आला, आणि बराच वेळ येत राहिला. कालिना स्टुलावर चढून बाहुलीला धूत असणार. नेवेना उठायला निघाली, तेवढ्यात पोर ओल्या हातांनी धावत बाहेर आली, बोळातून आजोबांच्या खोलीत गेली आणि बल्बच्या खाली मान वर करून उभी राहिली.

"काय गं करतेस?"

"थांब," कालिना म्हणाली. "आता मोठा होणार."

बल्ब तसाच होता. नेवेना "काय मोठा होणार" असं विचारणार, तोच न्हाणीघरात खट्ट असा बारीक आवाज झाला. आणि बल्ब आणखी पेटला, पांढराशुभ्र. तिच्या मागे स्वयंपाकघरात उजेड तांबूस झाला. गर्दी नव्हती, काका नव्हते, कबरीवर कुणी गेलं नव्हतं, कुणी कुणाला 'ये' म्हटलं नव्हतं. एक बाहुली तेवढी धुतली गेली होती.

"कसं कळलं तुला?"

"पाणी गरम केलं की आजोबांचा दिवा मोठा होतो," कालिना म्हणाली. "रोज नाही होत. अंघोळीला नाही होत."

अंघोळीला होत नसे, ते खरंच होतं. नेवेना तशीच उभी राहिली आणि एकेक गोष्ट जागेवर बसत गेली. त्या गावात अंघोळीला जाण्याआधी बोळातलं बटण दाबून गीझर बंद करतात. नळातून शॉक बसतो म्हणून आया मुलींना हे अक्षरं शिकवण्याआधी शिकवतात. विदोसावाचं तर त्यात डोळ्यांत तेल घालून लक्ष. त्यामुळे घरच्या माणसांच्या अंघोळीला गीझर कधीच चालू नसायचा; तो पुन्हा तापायचा तो रात्री, दिवे मालवल्यावर. पण शनिवारी गावातली माणसं रांगेनं हात धुवायची, त्यात टाकीतलं गरम पाणी निम्मं संपायचं, आणि पाहुण्यांसमोर बटण बंद करायचं कुणाला सुचतंय? गार पाणी आत आलं की गीझर आपोआप चालू व्हायचा. खट्ट. आणि न्हाणीघराच्या दाराशी, जिथून गीझरचा तांबडा ठिपका दिसतो नेमक्या तिथं, दाढी विंचरलेले काका.

नेवेनानं बोळातलं बटण बंद केलं. दोन्ही दिवे सारखे झाले. चालू केलं. एक मंद, एक प्रखर. बंद केलं. तिला आनंद झाला नाही. मानेच्या मागे मात्र काहीतरी गार लागलं. कितीतरी दिवसांनी काहीतरी लागलं. बटण बंदच ठेवून तिनं कालिनाला कोट चढवला आणि ती अंजेलियाबाईंकडे गेली.

बाईंनी सगळं ऐकून घेतलं. काकांबद्दल ऐकताना त्यांनी नुसता हात झटकला. पण मागच्या खोलीतला दिवा वाढतो हे ऐकल्यावर मात्र त्या थांबल्या आणि तिला ते पुन्हा सांगायला लावलं.

"दोन्ही मंद होतात की एक मंद आणि एक प्रखर? नीट आठव."

"एक मंद, एक प्रखर."

"आणि वास?"

"मासळीचा. बाबांच्या खोलीकडून."

बाईंनी कपाटातून मल्टिमीटर काढला आणि बूट घालताघालता सांगायला लागल्या. सगळे दिवे मंद झाले असते तर मी म्हटलं असतं, तार बारीक आहे, किंवा तुमचं घर लाइनच्या टोकाला आहे, व्होल्टेज कमी येतंय, सवडीनं बघू. पण एकीकडे कमी आणि दुसरीकडे जास्त, ही सवडीची गोष्ट नाही. तुमच्या घरात तीन फेज, म्हणजे विजेच्या तीन तारा, येतात आणि तिघींची परतायची तार एकच, न्यूट्रल. तुझ्या सासऱ्याचा मासे तोलायचा तराजू आठव. मधली खीळ घट्ट असेल तर काटा जागेवर राहतो. खीळ ढिली झाली की जड पारडं खाली जातं आणि हलकं वर उडतं. गीझर ज्या फेजवर आहे ते जड पारडं, स्वयंपाकघर त्याच्याबरोबर खाली जातं. मागच्या खोलीत एक बल्ब, ते हलकं. म्हणून तो पेटतो. आणि खीळ ढिली म्हणजे पेटीतला जोड ढिला. ढिला जोड तापतो.

"आणि मासळी?" नेवेनानं विचारलं.

"पेटीतलं जुनं प्लास्टिक तापलं की असाच वास मारतं. सडक्या मासळीसारखा. भलत्याच घरात भलता वास आला असता तर पहिल्या दिवशी कळलं असतं. कोळ्याच्या घरात आला, म्हणून सगळे टोप्या काढून उभे राहिले."

भिंतीला लावलेला पलंग नेवेनाच्या डोळ्यांसमोर होता, आणि पलंगावरची उशी भिंतीकडच्या बाजूला होती.

तिघी घरी पोचल्या तेव्हा विदोसावा परतली होती. तिच्याबरोबर मिलुनका, आणखी पाच-सहा बायका आणि उद्याची व्यवस्था बघायला आलेले गावरिलोकाका. स्टोव्हवर गहू शिजत होते. गीझरचं बटण कुणीतरी पुन्हा चालू केलं होतं.

नेवेनानं भांडण काढलं नाही. तिनं गीझर बंद केला आणि सगळ्यांना विनंती केली की हात गरम पाण्यानंच धुवा, वाटेल तेवढं पाणी वापरा, आणि काकांनी बाबांना हाक मारावी. काकांनी बटणाकडे बघितलं. मग म्हणाले, अशी खेळासारखी हाक मारता येत नाही, शनिवार नाही, मालक दमलेत. पण बायकांनी हात धुतले होते आणि त्या वर बघत उभ्या होत्या, त्यामुळे त्यांना मारावीच लागली. ते ये म्हणाले, पुन्हा म्हणाले, बायकोसाठी ये, नातीसाठी ये, होडीसाठी ये. दिवा हलला नाही.

"रुसले," काका म्हणाले. "अविश्वास झाला की रुसतात."

"बरं, आता कुणी काही बोलू नका," नेवेना म्हणाली. बाईंनी स्वयंपाकघरातल्या बोर्डात मीटरच्या पिना घातल्या. काटा दोनशे तीसच्या आसपास होता. नेवेनानं बोळात जाऊन बटण दाबलं.

दिवा तांबूस झाला. मीटर एकशे शहाण्णववर आला. बाई मागच्या खोलीत गेल्या, तिथल्या बोर्डात पिना घातल्या आणि मोठ्यानं आकडा वाचला, दोनशे अठ्ठेचाळीस. मिलुनका तोंड उघडं टाकून इकडून तिकडे बघत होती.

"म्हणजे रादिवोय गीझरमध्ये आहे?" तिनं विचारलं.

"कुणी नाहीये गं," बाई म्हणाल्या. "बंद कर ते, नेवेना."

मिलुनका मात्र आता काकांकडे निरखून बघायला लागली होती. "अहो काका, एक विचारू का? माझ्या धाकट्या बहिणीकडे गीझर बसवायला आला होता तो माणूस हुबेहूब तुमच्यासारखा होता. दाढी नव्हती त्याला. बसवून झाल्यावर तोच म्हणाला होता, घाबरू नका बाई, चालू झाला की दिवे थोडे उतरतात."

काका म्हणाले, तोंडासारखी तोंडं असतात. पण त्यांनी टोपी हातात घेतली होती. एक बाई फिसकन हसली, मग दुसरी. इथं गोष्ट संपायला हवी होती, कारण अशा गोष्टी इथंच संपतात. पण अंजेलियाबाई बोळात पेटीजवळ उभ्या होत्या आणि त्यांनी तळहात तिच्यापासून वीतभर लांब धरला होता.

"मेन बंद करायचा," त्या म्हणाल्या. "आत्ता. वीज मंडळाची माणसं येईपर्यंत चालू करायचा नाही."

विदोसावा उठली आणि पेटीच्या आड जाऊन उभी राहिली.

ती ओरडली नाही. ती म्हणाली की गीझरचं तिला कळलं, ती काही खुळी नाही. तो माणूस लबाड असेल, असू दे. पण त्या लबाडाला जे ठाऊक नव्हतं तेही ती बघत होती. तो वास घेत होती. शनिवारी या घरात कुणीतरी येत होतं, आणि उद्या चाळीसावा झाला की यायचंही थांबणार. निदान आजची रात्र दिवा राहू दे.

"तो होता तेव्हा कधीच झालं नाही," ती म्हणाली. "एवढं सांग मला, शिकलेली आहेस ना? इतक्या वर्षांत एकदा तरी झालं का?"

नेवेनाला आता उत्तर ठाऊक होतं. वाटेत येतानाच ते तिला सापडलं होतं, आणि सांगावं लागू नये असं तिला वाटत होतं.

"नाही झालं, आई," ती म्हणाली. "दर वर्षी थंडी सुरू होण्याआधी, जाळी आत आणली की बाबा मेन बंद करून ही पेटी उघडायचे आणि आतले सगळे स्क्रू आवळायचे. अॅल्युमिनियमची तार आहे, वर्षभरात ढिली पडते म्हणायचे. अंधारात टॉर्च कोण धरायचं त्यांना?"

"मी," विदोसावा म्हणाली.

"यंदा तेव्हा ते हॉस्पिटलात होते."

स्टोव्हवर गहू खदखदत होते.

"दिवा मंद होतो तो ते येतात म्हणून नाही, आई," नेवेना म्हणाली. "ते नाहीत म्हणून."

विदोसावानं तिच्या तोंडाकडे बघितलं, मग मागे वळून पेटीकडे बघितलं, जणू ती आत्ताच कुणी भिंतीवर लावली होती. मग ती बाजूला झाली. नेवेनानं मेनचा खटका खाली ओढला आणि घर धुक्याच्या रंगाचं झालं. गावरिलोकाका त्या उजेडात कधी निघून गेले ते कुणी बघितलं नाही.

गहू मिलुनकाच्या चुलीवर शिजले. कालिना त्या रात्री आईच्या कुशीत, स्वयंपाकघरातल्या कोचावर झोपली. सकाळी वीज मंडळाची दोन माणसं आली. त्यांनी पेटीचं झाकण काढलं आणि एकमेकांकडे बघितलं. न्यूट्रलचा जोड कोळशासारखा झाला होता. त्याच्याभोवतीचं प्लास्टिक वितळून मेणासारखं ओघळलेलं. पेटी भिंतीतून सुटी केली तेव्हा मागची फळी दिसली, तळहाताएवढी काळी, आणि मध्ये एवढी पातळ झालेली की बोट लावल्यावर आरपार गेलं. नेवेना खोलीत जाऊन दुसऱ्या बाजूनं बघून आली. भोक पलंगाच्या उशाला निघत होतं.

उद्या म्हणून जो दिवस ठरला होता तो आज होता. सगळं एकदम चालू, पोर आत, दार बंद.

तिला वाटलं होतं, आता तरी रडू येईल. आलं नाही. तिनं उशीचा अभ्रा काढला, भिजत घातला आणि पाहुण्यांसाठी ताटं मांडायला गेली. चाळीसावा मेणबत्त्यांवर झाला. विदोसावानं सगळ्यांना थंड पाण्यानं हात धुवायला लावलं. दिवसभरात ती सुनेशी एकच वाक्य बोलली. पुढच्या हिवाळ्याआधी कुणाला तरी बोलवायला हवं, म्हणाली, टॉर्च मी धरीन.

यात कुणी देव खोटा पाडलेला नाही आणि कुणाच्या मेलेल्या माणसाची थट्टा केलेली नाही. गेलेल्या माणसाची आठवण काढायला दिव्याची परवानगी लागत नाही. दिवा हलला तर तो का हलला हे दिव्यालाच विचारायचं असतं: काय चालू केल्यावर हलतो, काय बंद केल्यावर थांबतो, कुणी हाक न मारताही हलतो का. हे तीन वर्षांच्या पोरीनं केलं, कारण तिला अजून कुणी कशापुढे टोपी काढायची ते शिकवलं नव्हतं. आणि जो माणूस तुम्हाला म्हणतो की बघू नका, उघडू नका, कुणाला बोलावू नका, तो कितीही गोड बोलत असला तरी तो तुमच्या मेलेल्या माणसाच्या बाजूचा नाही. जिवंत माणसांच्याही नाही.

गावरिलोकाका हल्ली नदीपलीकडे असतात, असं मिलुनका सांगते. तिथं कुणीतरी नुकतंच गेलं आहे. नेवेनानं त्या घरी दोन फोन केले. पहिला कुणी उचलला नाही. दुसऱ्यावर एक म्हातारा आवाज म्हणाला, आमचं सगळं ठीक आहे, बाई, इथं कुणी येत नाही, आणि ठेवून दिला. नेवेना पहिल्या बसनं गेली तेव्हा त्या घराच्या दाराला कुलूप होतं. पुढच्या आठवड्यात ती पुन्हा जाणार आहे.

पण सगळ्या घरांना तिला जाता येत नाही, म्हणून तिचं तुमच्याकडे मागणं आहे. तुमच्या माहितीत असं कुणी असेल, नुकतं एकटं पडलेलं, मुलं लांब असलेलं, आणि घरात काहीतरी 'होतंय' असं हल्ली सांगू लागलेलं, तर हसू नका आणि वादही घालू नका. फोनही करू नका, फोनवर ती माणसं सगळं ठीक आहे म्हणतात. जाऊन बघा. चहा मागा. गीझर किंवा इस्त्री लावायला सांगा आणि दोन खोल्यांतले दिवे बघा. एक उतरला आणि दुसरा चढला, किंवा भिंतीजवळ मासळीचा वास आला, तर मेन बंद करा, विजेच्या माणसांना बोलवा आणि ती येईपर्यंत तिथंच थांबा. ती व्यक्ती कुठे झोपते तेही विचारा.

आज संध्याकाळीच जा.